नवीन पीसी जोडला आणि चालूच होईना? आधी सेकंद मोजा

परवा रात्री अकरा वाजून गेल्यावर भाच्याचा फोन. इचलकरंजीला असतो, यंदा बारावी झाली, दोन वर्षं साठवलेले पैसे आणि वरची भर आमच्या ताईकडून असं करून त्यानं एकेक पार्ट गोळा केला आणि कुणाला न विचारता घरीच पीसी जोडला. मागं यंत्रमागांचा खडखडाट चालू होता आणि त्यात हा जवळजवळ रडकुंडीला येऊन सांगतोय, "मामा, चालूच हुईना बगा. बोर्ड गेलाय वाटतंय."

असा फोन मला वर्षातनं सहा-सात तरी येतात, कधी भाचा, कधी ऑफिसातला कुणीतरी, कधी मित्राच्या सोसायटीतला पोरगा ज्याला मी कधी बघितलेलंही नसतं. वाक्य ठरलेलं असतं, बोर्ड (सगळे पार्ट ज्यावर बसतात तो मदरबोर्ड) गेला नाहीतर एसएमपीएस (भिंतीतली वीज घेऊन सगळ्या पार्टना पुरवणारा डबा) गेला. आणि खरं सांगू का, नव्या जोडणीत पार्ट खरंच मेलेला निघाला असं माझ्या हातून फार थोड्या वेळा झालंय. निघतं ते असलंच काहीतरी, केबल अर्धीच बसलेली, वायर एक पिन सोडून लावलेली, रॅमची, म्हणजे मेमरीच्या पट्टीची, एकच बाजू खट् झालेली. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय, पुढच्या फोनला हेच पाठवून देईन.

तर आधी एक ठरवा की चालू होत नाही म्हणजे नक्की होतंय काय. कारण या एका वाक्याखाली लोक तीन वेगळे आजार सांगतात. एक म्हणजे एकदम ठार, बटण दाबलं तरी पंखा नाही, लाइट नाही, काही नाही. दुसरा म्हणजे धडपड, पंखा जरा हलतो आणि थांबतो, किंवा चालू होतो आणि परत बंद पडतो. आणि तिसरा म्हणजे पंखे जोरात फिरतायत, रंगीत दिवे लग्नाच्या मांडवासारखे लागलेत, फक्त स्क्रीनवर अंधार. तिसऱ्याला खरं तर चालू होत नाही म्हणायचंच नाही, तो चालू झालाय, बोलत नाहीये एवढंच. पण लोक तिसरा आजार असताना पहिल्याचं औषध करत बसतात आणि चांगला एसएमपीएस बदलायला दुकानात घेऊन जातात.

भाच्याला विचारलं तर म्हणाला, "चालू होतोय आणि बंद हुतोय." म्हटलं किती वेळानं? म्हणे लगेच. लगेच म्हणजे किती, मोबाईल खाली ठेव आणि मोठ्यानं मोज. त्यानं मोजलं, एक, दोन, तीन, चार, आणि ठप्प. परत कर म्हटलं. परत चार. तिसऱ्यांदाही चार. हे चार लक्षात ठेवा, पुढे सांगतो, कारण आधी पहिला आजार उरकून घेऊ, सगळ्यात जास्त फोन त्याचेच असतात.

एकदम ठार असेल तर भिंतीपासून सुरुवात करा आणि यात कमीपणा काही मानू नका, मी स्वतः एकदा स्पाइक गार्डचं बटण बंद असताना पाऊण तास एसएमपीएसला शिव्या घातल्यात. सॉकेटमध्ये वीज आहे का ते मोबाईलच्या चार्जरनं बघू नका, चार्जर लूज सॉकेटवर पण कसाबसा चालतो, मिक्सर लावून बघा म्हणजे खरं काय ते कळतं. एक्स्टेंशन, यूपीएस, स्पाइक गार्ड सगळं बाजूला काढा आणि पीसीची वायर थेट भिंतीत घाला. त्या वायरचं जे टोक एसएमपीएसमध्ये जातं ते शेवटचे चार-पाच मिलिमीटर जोर लावल्याशिवाय आत जात नाही, नवीन असलं की जास्तच टाइट असतं, बाहेरून बघितलं तर बसल्यासारखं दिसतं आणि बसलेलं नसतं. आणि एसएमपीएसच्या मागचं छोटं बटण, त्यावर एक उभी रेघ आणि एक गोल असतो, रेघ दाबलेली म्हणजे चालू, गोल दाबलेला म्हणजे बंद. गोल म्हणजे चालू असं समजणारी निदान चार शिकलेली माणसं मी बघितलीत. कुणी घरातला जुना एसएमपीएस वापरत असेल तर त्याच्या मागं ११५ आणि २३० असं लिहिलेलं लाल सरकतं बटण असू शकतं, आपल्याकडे ते २३० वरच पाहिजे, ११५ वर ठेवून वीज दिली तर धाड्कन एक आवाज येतो आणि त्यानंतर तपासायला काही उरत नाही.

आता वीज एसएमपीएसपर्यंत आलीय असं धरू. बोर्डावर कुठे बारीक लाइट लागलाय का बघा. मागचं बटण चालू असलं की पीसी बंद असतानाही एसएमपीएस बोर्डाला ५ व्होल्टची एक बारीक धार देत राहतो, त्यालाच स्टँडबाय म्हणतात, माऊसचा लाइट पीसी बंद करूनही लागलेला राहतो तो याच्यामुळे. हा लाइट दिसला तर भिंत, वायर, मागचं बटण हे सगळं सुटलं, प्रश्न पुढचा आहे. सगळ्या बोर्डांवर असा लाइट नसतो, त्यामुळे दिसला नाही म्हणून लगेच तेरावं घालायची गरज नाही.

मग येतो समोरच्या बटणाकडे, आणि नव्या जोडणीत ठार पीसीचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते हेच. कॅबिनेटमधनं, म्हणजे पीसीच्या बाहेरच्या पेटीतनं, ज्या बारीक वायरी येतात, पॉवर स्विच, रिसेट, हार्डडिस्कचा लाइट, त्या बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात नऊ पिनांवर लावायच्या असतात. दोन रांगा पाच-पाचच्या, त्यातली एक पिन मुद्दाम गायब. बहुतेक बोर्डांवर ज्या रांगेत पिन गायब आहे त्याच रांगेत, त्या रिकाम्या जागेला लागून ज्या दोन पिना आहेत, त्या पॉवर स्विचच्या. तुमच्या बोर्डाचं मॅन्युअल उघडून खात्री करून घ्या, पण जागा बहुतेक तीच निघेल. तिथं अक्षरं इतकी बारीक आणि जागा इतकी अडचणीची की वायर एक पिन सोडून बसते आणि कळत पण नाही. मोबाईलचा कॅमेरा झूम करून फोटो काढा आणि मग बघा, डोळ्यावर विश्वास ठेवू नका, विशेषतः चाळिशी आली असेल तर. स्विचच्या वायरला उलट-सुलट काही नसतं, कशीही लावली तरी चालते, लाइटच्या वायरीला मात्र प्लस-मायनस असतं.

आणि खात्री करायची असेल तर ती वायर काढूनच टाका. पीसीला वीज चालू ठेवायची आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्या दोन पिनांना एकदम क्षणभर टेकवायचं, अर्धा सेकंद, झालं. बटण तरी दुसरं काय करतं, त्या दोन पिना जोडतं आणि सोडतं. इथं विजेचा धक्का बसायचा प्रश्न नाही, व्होल्टेज पाचच्या आतलं असतं, फक्त हात थरथरत असेल तर शेजारच्या पिनांना लावू नका. स्क्रू ड्रायव्हरनं चालू झाला आणि बटणानं होत नसेल तर बोर्ड, एसएमपीएस, प्रोसेसर सगळ्यांची निर्दोष सुटका, गुन्हेगार कॅबिनेटचं बटण.

स्क्रू ड्रायव्हरनंही झाला नाही तर दोन जाड केबली बघा. एक २४ पिनांची रुंद केबल, ती बोर्डाच्या उजव्या कडेला बसते आणि नवी असताना खरंच खूप जोर मागते. पोरं घाबरून अर्ध्यावर सोडतात कारण बोर्ड वाकल्यासारखा दिसतो. एका हाताचा अंगठा बोर्डाच्या कडेखाली आधाराला ठेवायचा आणि दुसऱ्या हातानं सरळ दाबायचं, कडेची पट्टी खट् करून अडकल्याचा आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही म्हणजे बसली नाही, इतकं सोपं आहे. दुसरी केबल वर डाव्या कोपऱ्यात, प्रोसेसरची, ८ पिनांची. ही बऱ्याच जणांची राहूनच जाते, कारण कॅबिनेटच्या पंख्याआड तो कोपरा दिसतच नाही. आणि काही जणांची राहत नाही पण चुकीची जाते, ते जास्त वाईट. ग्राफिक्स कार्डाची, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र काढणाऱ्या वेगळ्या कार्डाची, केबल पण ८ पिनांची असते. प्रोसेसरची चार अधिक चार अशी सुटते आणि ग्राफिक्सची सहा अधिक दोन अशी, हा फरक. दोन्हींचा साचा वेगळा ठेवलेला असतो म्हणजे चुकून बसू नये, पण आपल्याकडे ताकदीला तोटा नाही. आतल्या वायरी बरोबर उलट्या आहेत, एकीत जिथं १२ व्होल्ट तिथं दुसरीत ग्राउंड (शून्य व्होल्टची परतीची वायर), म्हणजे दाबून बसवली की थेट शॉर्ट.

केबलवरनं आठवलं, ज्या एसएमपीएसच्या केबली सुट्या होतात त्यांच्या केबली दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नका. बोर्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं पण एसएमपीएसकडचं टोक ज्यानं त्यानं आपल्या मर्जीनं ठरवलंय. बसते मस्त, आणि हार्डडिस्कच्या ५ व्होल्टच्या जागी १२ जातात. एका मित्राच्या लग्नाचे सगळे फोटो असेच गेले, त्यानं जुन्या एसएमपीएसची केबल चांगली जाड आहे म्हणून ठेवली होती.

एसएमपीएसवरच संशय असेल तर तो एकटा चालवून बघता येतो. मागचं बटण बंद, वायर भिंतीतून काढलेली, सगळ्या केबली बोर्डापासून सुट्या, आणि फक्त कॅबिनेटचा एखादा पंखा थेट एसएमपीएसला जोडलेला असेल तर उत्तम. आता २४ पिनांच्या केबलचं टोक घ्या. जुन्या एसएमपीएसमध्ये सोपं होतं, हिरवी वायर आणि कुठलीही काळी वायर पेपरक्लिपनं जोडायची. आता बऱ्याच एसएमपीएसमध्ये सगळ्याच वायरी काळ्या असतात, तेव्हा मोजावं लागतं. ज्या बाजूला अडकवायची पट्टी आहे ती रांग बघा, बहुतेक एसएमपीएसमध्ये त्या रांगेत एक भोक रिकामं असतं, आत धातू नाही. त्या रिकाम्या भोकाच्या एका बाजूला चार भोकं आहेत आणि दुसऱ्या बाजूला सात. सातच्या बाजूला जायचं, पहिली तीन ग्राउंड, चौथी ती हिरवी. तिसरी आणि चौथी पेपरक्लिपनं जोडा, मग वायर भिंतीत, मग मागचं बटण. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस जिवंत आहे. स्वतः एसएमपीएसचा पंखा फिरला नाही तरी घाबरू नका, हल्ली बरेच एसएमपीएस लोड नसताना आपला पंखा बंदच ठेवतात, म्हणून तर बाहेरचा पंखा जोडायला सांगितला. मल्टिमीटर असेल तर १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये पाहिजे, ५ ची ४.७५ ते ५.२५ मध्ये. ही परीक्षा नापास झाला तर एसएमपीएस नक्की गेलाय, पण पास झाला म्हणजे लोड आल्यावर पण टिकेलच असं नाही, अंगणात धावणारा घाट चढेलच असं थोडंच आहे. आणि काहीही झालं तरी एसएमपीएसचं डबडं उघडायचं नाही. २३० व्होल्ट आत गेले की त्याचे ३०० च्या वर डीसी होतात आणि वायर काढल्यावर पण ते आतल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये बराच वेळ राहू शकतात. धूळ उडवायची असेल तर बाहेरून ब्लोअर मारा, बस.

जाता जाता, कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात असे पण फोन येतात. तो बिघाड पीसीचा नाही, घरातल्या अर्थिंगचा आहे. जुन्या वाड्यात, भाड्याच्या खोल्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं पण तिसऱ्या पिनेला मागे काही जोडलेलंच नसतं. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधनं अगदी बारीक करंट कॅबिनेटवर येतो, जायला वाट नसते, मग तो तुमच्यातनं जातो. वायरमन बोलवा.

आता दुसरा आजार, धडपड. इथं मोजणं महत्त्वाचं. बटण दाबलं आणि पंख्यानं अर्धा वळसा घेऊन मान टाकली, पूर्ण एक सेकंद पण नाही, तर तो बहुतेक वेळा शॉर्ट असतो. एसएमपीएसला कळतं की कुठंतरी करंट भलतीकडे चाललाय आणि तो स्वतःला तोडून घेतो. याचा एक त्रास असा की एकदा तोडून घेतलं की काही एसएमपीएस मागचं बटण बंद केल्याशिवाय परत उठत नाहीत. तुम्ही शॉर्ट काढता, समोरचं बटण दाबता, काहीच होत नाही, तुम्हाला वाटतं आता तर पुरताच मेला. म्हणून प्रत्येक बदलानंतर मागचं बटण बंद, अर्धा मिनिट थांबायचं, मग परत.

शॉर्ट कुठं असतो म्हणाल तर माझ्या पहिल्या पीसीची गोष्ट सांगतो. बोर्ड घेतला होता मायक्रो एटीएक्स, चौकोनी छोटा, आणि कॅबिनेट मोठं. बोर्ड ज्या पितळी खुंट्यांवर बसतो त्या कॅबिनेटवाल्यानं मोठ्या बोर्डाच्या हिशोबानं आधीच लावून दिल्या होत्या. मी खूश, एक काम वाचलं. बोर्ड ठेवला, स्क्रू मारले, पंखा अर्धा वळसा आणि गप्प. दोन दिवस मी रॅम काढ, रॅम घाल, केबल काढ, केबल घाल. तिसऱ्या दिवशी बोर्ड काढून पिशवीत घातला आणि पुण्याच्या तापकीर गल्लीत ओळखीच्या दुकानात नेला. त्यानं काउंटरवर पुठ्ठा टाकला, त्यावर बोर्ड ठेवला, त्याचा एसएमपीएस लावला, स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि पीसी चालू. मी गार. त्यानं बोर्ड उलटा करून दाखवलं, मागच्या बाजूला जिथं भोक नाही तिथं एक गोल ठसा उमटला होता, खुंटीचा. बोर्डाला भोकं होती कमी आणि खुंट्या होत्या जास्त, एक जादा खुंटी बोर्डाच्या पाठीत खुपसून तिथले टाके शॉर्ट करत होती. पैसे घेतले नाहीत त्यानं, चहा मात्र माझ्याकडून प्यायला, आणि वर "साहेब, खुंट्या मोजत जा" हे ऐकवलं ते वेगळं.

तेव्हापासून मी बोर्ड कॅबिनेटमध्ये घालायच्या आधीच पुठ्ठ्याच्या बॉक्सवर चालवून बघतो. बोर्ड, प्रोसेसर, त्याचा कूलर, रॅमची एकच कांडी आणि एसएमपीएस, एवढंच. ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असेल तर मॉनिटर थेट बोर्डाला. बोर्ड ज्या चंदेरी पिशवीत येतो तिच्यावर ठेवून चालवू नका, ती बाहेरून वीज वाहू शकते, पुठ्ठाच बरा. बॉक्सवर चालतो आणि कॅबिनेटमध्ये चालत नाही म्हणजे दोष कॅबिनेटमध्ये, खुंटी, हरवलेला एखादा स्क्रू बोर्डाखाली, नाहीतर समोरच्या यूएसबीची ती जाड केबल, तिच्या बोर्डावरच्या १९ पिनांतली एखादी वाकून शेजारणीला टेकलेली असते. बॉक्सवरही चालत नाही म्हणजे या पाच वस्तूंपैकीच कुणीतरी, आणि मग एकेक बदलून बघायचं. एका वेळी एकच, दोन बदललेत तर काय केल्यानं झालं ते आयुष्यात कळणार नाही.

आता भाच्याचे चार सेकंद. शॉर्ट असता तर चारपर्यंत मोजायला वेळच मिळाला नसता. प्रोसेसर तापून बंद होत असता तर वेळ दर खेपेला थोडी तरी पुढेमागे झाली असती. पण बरोबर चार, तिन्ही वेळा चार, हे यंत्राचं आजारपण नाही, हा कुणाचा तरी हुकूम आहे. आणि पीसीमध्ये चार सेकंदांचा हुकूम एकच, हँग झालेला पीसी बंद करायला आपण पॉवरचं बटण दाबून धरतो तो. म्हणजे कुणीतरी बटण दाबून धरलंय. भाचा म्हणतो, "मी हात बी लावला न्हाई मामा, मागचं बटण टाकलं की आपोआप चालू हुतोय, चारला बंद, मग पुढचं बटण किती बी दाबा, हूं न्हाई की चूं न्हाई." म्हटलं तेच, तू नाही दाबत, कॅबिनेट दाबतंय.

त्याला पॉवर स्विचची वायर बोर्डावरून काढायला लावली. स्क्रू ड्रायव्हर टेकव म्हटलं. टेकवला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, बारा झाले तरी पंखे फिरतायत. मग पुढच्या पॅनेलचं बटण तपासलं. चांगलं बटण दाबलं की बारीक टिक् असा आवाज येतो आणि सोडलं की परत टिक्. याचं मुकं होतं. पॅनेल कॅबिनेटवर बसवताना प्लॅस्टिकचा सांधा जरा जास्तच आत गेला होता आणि बाहेरच्या मोठ्या गोल बटणानं आतलं छोटं बटण कायमचं दाबून धरलं होतं. पॅनेल ओढून काढलं की टिक्, परत बसवलं की दाबलेलं. पूर्ण नवंकोरं कॅबिनेट. बोर्ड गेला म्हणून तो सकाळी कोल्हापूरला नेणार होता.

पण गोष्ट तिथं संपली नाही, कारण पंखे फिरत होते आणि स्क्रीन काळीच. तिसरा आजार. आवाज परत रडका.

इथं पहिला प्रश्न, मॉनिटरची केबल कुठं लावलीस? म्हणे बोर्डाला. त्याचा प्रोसेसर आहे इंटेलचा आय-५ १२४००एफ. ते शेवटचं एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. बोर्डावर एचडीएमआयचं भोक असलं तरी त्याच्यामागं चित्र काढणारं कुणी नाही, केबल ग्राफिक्स कार्डालाच लागली पाहिजे. एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये पण तेच, ५६०० ला आत ग्राफिक्स नाही, ५६००जी ला आहे. केबल काढून कार्डाला लावली आणि स्क्रीनवर बोर्डाच्या कंपनीचा लोगो. इचलकरंजीत रात्री पावणेबाराला जी आरोळी उठली ती शेजारच्या मागवाल्यांनी पण ऐकली असणार.

प्रत्येकाचं इतक्यात भागत नाही. केबल बरोबर असूनही अंधार असेल तर बोर्डाच्या कडेला चार बारीक लाइट आहेत का बघा, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, बूट अशी नावं असतात. जो लाइट लागून राहिला तिथं गाडी अडलीय. रॅमवर अडली असेल तर कांडी काढून परत घाला, दोन्ही टोकांना खट् झालं पाहिजे, काही बोर्डांवर खालच्या टोकाला खटका नसतोच, तिथं कांडी तिरकी राहते. चार खाचा असतील आणि कांड्या दोन, तर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खाच वापरायची. एक कांडी असेल तर दुसरी. आणि रॅम डीडीआर-५ या नव्या जातीची असेल तर पहिल्या वेळी धीर धरा, बोर्ड रॅमशी ओळख करून घेत असतो, काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते, मध्येच आपणहून बंद होऊन चालू पण होतो. त्यात आपण दर अर्ध्या मिनिटाला बटण दाबलं की ती ओळख परत पहिल्यापासून. चालू करा आणि चहा टाकायला जा, उगीच डोक्यावर उभं राहू नका.

प्रोसेसरवर लाइट अडला तर दोन शक्यता. एक म्हणजे बोर्ड जुन्या स्टॉकमधला आणि प्रोसेसर त्याच्यानंतर आलेला, जसं बी-४५० च्या बोर्डावर रायझन ५०००, किंवा बी-६६० वर तेराव्या पिढीचा इंटेल. बोर्डाचा बायोस (पीसी चालू होताना सगळ्यात आधी चालणारं बोर्डातलंच सॉफ्टवेअर) जुना असला तर त्याला हा नवा पाहुणा ओळखूच येत नाही. बोर्डाच्या मागं फ्लॅशबॅकचं बटण असेल तर पेन ड्राइव्हवरनं बायोस बदलता येतो, काही बोर्डांवर तर प्रोसेसर नसला तरी चालतं, फाइलचं नाव मात्र कंपनीनं सांगितलंय तेच ठेवावं लागतं. तसं बटण नसेल तर दुकानदाराकडून करून घ्या, घेतानाच विचारलं तर तो फुकट करून देतो, नंतर गेलात तर तोंड वाकडं करतो. दुसरी शक्यता वाकलेल्या पिनांची. इंटेलच्या आणि एएमडीच्या एएम-५ सॉकेटच्या पिना बोर्डावर असतात, केसासारख्या बारीक, इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये १७००. टॉर्च तिरकी धरून बघायचं, सगळ्या पिना एकसारख्या चमकल्या पाहिजेत, एखादी जागा वेगळी चमकली तर तिथं गडबड. स्वतः सुईनं सरळ करायच्या भानगडीत पडू नका असं सांगतो, मी एकदा केलीय आणि जमलीय, पण ती पाळी तुमच्यावर न येवो. त्या सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण मात्र टाकू नका, वॉरंटीला बोर्ड पाठवताना तेच पहिलं मागतात.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर वीज काढून बोर्डावरचा बटणासारखा सेल, सीआर २०३२, पाच मिनिटं बाहेर ठेवा आणि परत घाला. यानं मेलेला बोर्ड उठत नाही, पण कुणी रॅमचा स्पीड वाढवायच्या नादात सेटिंग बिघडवून ठेवलं असेल तर ते पुसलं जातं. आणि त्यानंतरही काही नाही तरच दुकान. जाताना नुसतं चालू होत नाही म्हणू नका, बॉक्सवर या पाच वस्तूंनिशी चालवला, एसएमपीएस एकटा चालतो, प्रोसेसरचा लाइट लागून राहतो, असं सांगा. समोरचा माणूस सरळ होतो, उगीच तीन दिवस ठेवून घेत नाही.

भाच्याचं कॅबिनेट बदलून मिळत होतं, पण त्यासाठी सगळा पीसी परत सोडवायचा म्हणून तो तयार नाही. त्यानं रिसेटच्या बटणाची वायर पॉवरच्या पिनांवर लावलीय, बटण ते बटण, बोर्डाला काय फरक पडतो. आता बारीक रिसेट दाबून पीसी चालू होतो आणि मोठं गोल बटण नुसतं शोभेला आहे. ताईला हे कुणी सांगितलेलं नाही. काल तिचाच फोन, "अरे, ते परत बिघडलं की रे, मी किती वेळ दाबतेय."